मोडीत निघालेल्या वस्तूंचे दागिने : तुमचे प्रश्न

जुने चमचे, किल्ल्या, डब्यांची झाकणं, दाराच्या कड्या यातून दागिने करणाऱ्यांची पत्रं यावेळी खूप आली. बऱ्याच पत्रांत वस्तू आधी कापून किंवा तापवून झालीये आणि प्रश्न नंतर विचारलाय, म्हणून सुरुवातीलाच कळकळीनं सांगते, हातातला धातू कोणता आहे हे कळल्याशिवाय त्याला करवतही लावू नका आणि आगही दाखवू नका. खालच्या उत्तरांत हे फिरून फिरून येणार आहे, वाचताना कंटाळू नका.

प्रश्न : घरातला जुना नक्षीदार चमचा चांदीचा आहे असं सगळे म्हणत आलेत, मागे ९० आकडा पण आहे. अंगठी करायला घेतली. दोन पकडींनी वाकवला, नीट गोल आला नाही म्हणून सरळ केला, परत वाकवला आणि दांडीतच तुटला. चांदी मऊ असते ना?

वाईट वाटलं वाचून. आधी त्या ९० बद्दल. चमच्या-काट्यांवरचा ९० म्हणजे ९० टक्के चांदी असं खूप जण धरून चालतात, पण तो आकडा बहुतेक वेळा मुलाम्याचा असतो, १२ चमचे आणि १२ काटे मिळून ९० ग्रॅम चांदी चढवलीये असा त्याचा अर्थ, म्हणजे एका नगावर पावणेचार ग्रॅम. आत असतं जर्मन सिल्व्हर. नाव सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त एवढंच. स्टर्लिंग चांदीवर ९२५ दिसतो, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, काही जुन्या चांदीवर ८००.

शिक्का पुसला गेला असेल तर घरच्या घरी एक खात्रीची परीक्षा आहे, मी प्रत्येक नवीन वस्तूवर ती करतेच. ग्रॅमचे दशांश दाखवणारा डिजिटल वजनकाटा घ्या. आधी चमच्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाणी भरलेलं उंच भांडं, काठोकाठ नाही, ठेवून आकडा शून्य करा, आणि चमचा दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा हातानं धरून ठेवा. काट्यावर जो आकडा येईल ते चमच्याचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागा. उत्तर १०.३ च्या आसपास आलं तर स्टर्लिंग, ८.७ च्या आसपास आलं तर जर्मन सिल्व्हर, ८ च्या खाली जरासं आलं तर स्टील. दोऱ्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका, नाहीतर आकडा चुकतो. पोकळ मुठीच्या सुऱ्यांना ही परीक्षा चालत नाही, आत भलतंच काहीतरी भरलेलं असतं.

आता तुटला का. धातू वाकवला की तो वाकलेल्या जागी कडक होत जातो, तारेचा तुकडा इकडून तिकडे चारपाच वेळा वाकवून आपण हातानं तोडतो ना, अगदी तेच तुमच्या चमच्याचं झालं. चांदीला सुद्धा हे होतं. खरी चांदी असेल तर मध्येच तापवून परत मऊ करता येते, पर्मनंट मार्करनं त्यावर एक रेघ ओढायची आणि ज्योत सारखी फिरवत राहायची, रेघ उडाली की ज्योत काढायची आणि पाण्यात बुडवायचं. मुलाम्याच्या चमच्याला मात्र आग दाखवायची नाही, वरचा चांदीचा थर खराब होतो. त्याला एकच उपाय, एकाच दिशेनं, थोडं थोडं, लाकडी दांडक्याभोवती नायलॉनच्या किंवा लाकडी हातोडीनं, आणि चुकलं तरी परत सरळ करायचं नाही, अंगठी जराशी मोठी राहिली तर राहू दे.

आणि पुढच्या वेळी लांबी मोजून कापा. अंगठीचा आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, त्याला ३.१४ नं गुणा. व्यास १७ मिलिमीटर आणि जाडी २ असेल तर १९ गुणिले ३.१४, म्हणजे साधारण ६० मिलिमीटर पट्टी लागते. जाडी धरायची विसरली की अंगठी हमखास घट्ट होते. तुटलेली दांडी टाकू नका, नक्षीचं टोक कापून भोक पाडलं तर सुंदर पदक होतं.

प्रश्न : तांब्याच्या तारेचं कडं केलंय, मनगट हिरवं पडतं. विषारी आहे का?

नाही. घामातली आम्लं आणि क्षार तांब्याशी मिळून हिरवट क्षार तयार करतात, साबणानं निघतो तो डाग. कडं रात्री काढून ठेवा, आतल्या बाजूला मेणाचा किंवा क्लिअर लॅकरचा हात द्या, पण तो हात घासून जातो, काही आठवड्यांनी परत द्यावा लागतो. कातडीला खाज किंवा पुरळ येत असेल तर मग गोष्ट वेगळी, तेव्हा खाली किल्ल्यांचं उत्तर वाचा.

प्रश्न : तांब्याची एक जुनी वाटी चिरली होती, आतून कल्हई केलेली. पत्रा कापून डूल करायचे, गॅसच्या टॉर्चवर तापवून ठोकून खळगा द्यायचा, असा विचार आहे. काही काळजी?

विचारलंत हे फार बरं केलंत, कारण हीच चूक मी केलेली आहे. अशाच एका भांड्याचा पत्रा होता, बाहेरून इतकं सुरेख तांबं की आतली कल्हई मला अडचण वाटलीच नाही, तापल्यावर जाईल निघून असं धरून चालले. कल्हई म्हणजे कथील, आणि ते २३२ अंशांनाच वितळतं. तांबं मऊ करायला अंधुक लाल होईपर्यंत तापवावं लागतं, म्हणजे ६०० च्या आसपास. तोवर ते कथील निघून जात नाही, तांब्यातच मुरतं आणि वर एक पांढुरकी ठिसूळ साय धरते. मी पाण्यात विझवून ऐरणीवर ठेवलं, तिसऱ्या का चौथ्या ठोक्याला त्या पांढऱ्या भागावर केसासारख्या भेगा उमटल्या आणि त्यातली एक सरळ कडेपर्यंत धावली. चार दिवसांचं कापकाम गेलं. तो तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, नवीन शिकणाऱ्यांना दाखवायला.

तेव्हा आधी कल्हई पूर्ण काढा. वॉटर पेपर, म्हणजे तो काळा पॉलिश पेपर, २२० नंबरचा, पाण्यात भिजवून, वाहत्या पाण्याखाली घासायचं. कोरडं घासू नका. जुन्या कल्हईत शिसं मिसळलेलं असू शकतं आणि त्याची धूळ नाकात जायला नको. घासून झाल्यावर हात आणि जागा नीट धुवा, ते काम जेवणाच्या टेबलावर अजिबात नको. कथील पूर्ण निघालं की पत्रा सगळीकडून एकसारखा गुलाबी दिसतो, कोपऱ्यात एक जरी पांढुरका ठिपका राहिला तरी परत घासा. मग ४००, मग ६००.

त्यानंतर तापवणं सोपं आहे. खोलीत थोडा अंधार करा म्हणजे लाल रंग चटकन कळतो. अंधुक लाल दिसला की थांबा, त्यापुढे नाही. तांबं पाण्यात बुडवलं तर कडक होईल अशी भीती बरेच जण बाळगतात, ती स्टीलच्या अनुभवातून आलेली असते, कार्बन स्टील तसं होतं खरं, तांबं नाही, तांबं विझवलं तरी मऊच राहतं आणि वरचा काळा पापुद्रा पण बराचसा झडतो. पितळ मात्र लालभडक असताना पाण्यात टाकू नका, तडकू शकतं, लाली जाऊ दे आणि मग बुडवा. उरलेला काळेपणा कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून त्यात ठेवलं की निघतो, फक्त त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका, द्रावणात उतरलेलं तांबं चांदीवर किंवा पितळेवर गुलाबी थर होऊन बसतं. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चिमटा घ्या.

प्रश्न : गॅल्व्हनाइज्ड वॉशर टॉर्चनं तापवून निळसर रंग आणायचा प्रयत्न केला. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, अंग दुखलं, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. संबंध असेल का?

असेल, आणि कृपा करून परत करू नका. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं, टॉर्चच्या ज्योतीपुढे हे काहीच नाही. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडीताप येतो, वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला माहीत आहे, इंग्रजीत मेटल फ्यूम फीवर म्हणतात. बहुतेकांचा एकदोन दिवसांत उतरतो, पण श्वास लागत असेल किंवा उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि काय तापवलं होतं ते स्पष्ट सांगा. पितळेत पण जस्त असतं, म्हणून पितळही खिडक्या उघड्या ठेवून आणि जेवढ्यास तेवढंच तापवायचं. अनोळखी चकचकीत थर दिसला, पिवळसर असो की पांढरा, तर ती वस्तू आगीपासून लांबच ठेवा, काही थर कॅडमियमचे असतात आणि तो धूर जस्तापेक्षा कितीतरी वाईट.

प्रश्न : जुन्या किल्ल्यांचे कानातले करून मैत्रिणींना दिले, दोघींच्या कानांना खाज आणि लाली. किल्ल्या तर स्वच्छ धुतल्या होत्या. शिवाय एकीचं लहान बाळ ते कानातलं तोंडात घालतं.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी जास्त महत्त्वाची, म्हणून ती आधी. पितळी किल्ल्या मशीनवर नीट कापल्या जाव्यात म्हणून त्या पितळेत थोडं शिसं घातलेलं असतं, साधारण एकदोन टक्के. मोठ्या माणसानं गळ्यात घातली तर फार काही होत नाही, पण बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका, मैत्रिणीला आजच सांगा, लाजू नका.

खाजेचं कारण बहुधा निकेल. पांढऱ्या चकचकीत किल्ल्यांवर निकेलचा थर असतो, आणि निकेल सोसत नाही अशी माणसं खूप असतात, कान टोचलेल्यांत तर जास्तच. धुण्यानं यात काही फरक पडत नाही. एकदा ही ॲलर्जी लागली की सहसा जन्मभर राहते, म्हणूनच युरोपात १९९४ साली दागिन्यांतल्या निकेलवर नियम आणले गेले. तपासायला डायमिथाइलग्लायऑक्झाइमची टेस्ट किट मिळते, कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून वस्तूवर घासायचं, बोळा गुलाबी झाला की निकेल सुटतंय. पण मला विचाराल तर कानाच्या भोकातून जाणारी तार जुन्या वस्तूची कधीच वापरू नये. तेवढी टायटॅनियमची किंवा निओबियमची विकत घ्या, ०.८ मिलिमीटरची, आणि किल्ली खाली लोंबू द्या. वजनही बघा, दोन्ही किल्ल्या सकाळी घालून संध्याकाळपर्यंत स्वतः वावरून बघा आणि मग कुणाला द्या.

प्रश्न : टॉर्च नाही, घरात लहान मुलं असल्यामुळे आगीचं काम नकोच आहे. डाग न देता, म्हणजे सोल्डर वितळवून न जोडता, काही होतं का, की सगळं गोंदानं चिकटवायचं?

गोंद नको! भरपूर होतं, आणि मला तर ही थंड कामाची वाट मनापासून आवडते. अलेक्झांडर काल्डर, ते वाऱ्यावर हलणारी शिल्पं करणारे शिल्पकार, त्यांनी आयुष्यात सुमारे १८०० दागिने केले, बरेचसे पितळेच्या आणि चांदीच्या तारेचे, हातोडीनं चपटे करून, वेटोळे घालून, रिव्हेट मारून, आणि डाग द्यायचं ते शक्यतो टाळायचे. लहानपणी रस्त्यावर सापडलेल्या तांब्याच्या तारेतून ते बहिणीच्या बाहुल्यांना दागिने करायचे. तेव्हा आग नाही म्हणून अडून बसायचं कारणच नाही.

रिव्हेट शिकून घ्या, एवढं एक आलं की निम्मं काम झालं. दोन पत्रे एकावर एक, दोन्हीतून आरपार भोक, त्यात घट्ट बसणारी तार. तार सैल असेल तर ठोकताना आतच वाकते आणि रिव्हेट कायम डुगडुगतं, म्हणून भोक तारेच्या मापाचंच हवं, तार जराशी कानसून आत ढकलावी लागली तर उत्तम. दोन्ही बाजूंनी तारेच्या जाडीच्या निम्मी तार बाहेर ठेवायची, दीड मिलिमीटरची तार असेल तर पाऊण पाऊण मिलिमीटर. मग हातोडीच्या गोल तोंडानं हलके ठोके, टोकाच्या मधोमध नाही, कडेकडेनं गोल फिरत, चारपाच ठोके झाले की पालथं करायचं आणि दुसऱ्या बाजूनं. घाई करून एकाच बाजूनं ठोकलं तर दुसऱ्या बाजूची तार आत निघून जाते. छत्रीसारखं छोटं डोकं तयार होताना दिसतं, ते बघायला इतकं छान वाटतं म्हणून सांगू, एकदा करून बघाच.

भोक पाडताना पत्रा कधीही बोटांनी धरू नका. ड्रिल पलीकडे निघायच्या क्षणी पातळ पत्र्यात अडकतं आणि पत्रा पंख्यासारखा गरगर फिरतो. लाकडाला क्लॅम्पनं आवळा, खिळ्यानं किंवा पंचनं खूण करा, तेलाचा थेंब टाका, हळू फिरवा.

करवत सोनारी हवी, पातळ पात्याची, दाते मुठीकडे तोंड करून बसवायचे म्हणजे खाली ओढताना कापते. पत्र्याच्या जाडीत निदान तीन दाते मावले पाहिजेत, नाहीतर पाती एकामागून एक तुटतात आणि दोष हाताला जातो. पात्याला मेण लावत राहा, तांबं चिकट असतं. आणि दागिन्याचे भाग जोडणाऱ्या तारेच्या छोट्या कड्या उघडताना तोंडं एकमेकांपासून लांब फाकवायची नाहीत, एक पुढे एक मागे अशी बाजूला वळवायची, मग परत बंद केल्यावर फट राहत नाही.

प्रश्न : जुन्या गजराच्या घड्याळाची चाकं काढून पेंडंट करतोय. काटे आणि आकडे हिरवट रंगाचे आहेत, ते पण वापरू का?

नको, आणि घड्याळ आणखी उघडू पण नका. अंधारात चमकणारा रंग म्हणून जुन्या घड्याळांत, साधारण १९६० च्या दशकापर्यंत, रेडियम वापरलं जायचं. आता ते चमकत नाही म्हणून संपलं असं नाही, चमकणारं रसायन थकतं, रेडियमचा अर्धायुष्यकाल मात्र १६०० वर्षांचा आहे. त्या रंगाचा चुरा श्वासात किंवा पोटात जाणं हाच धोका, त्यामुळे खरवडणं, घासणं, फुंकर मारणं काहीच नको. बंद पिशवीत घालून मुलांपासून लांब ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेला विचारूनच द्या. चाकं दुसऱ्या घड्याळाची घ्या, ज्याच्या तबकडीवर असा रंगच नाही.

प्रश्न : नवीन कापलेलं पितळ आणि तांबं फार झगझगीत दिसतं. जुनेपणा परत कसा आणायचा? अमोनियानं निळा रंग येतो असं ऐकलंय.

तांब्याला आणि चांदीला काळपटपणा हवा असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून बंद डब्यात दागिन्याशेजारी ठेवा, एकमेकांना लागू न देता. अंड्यातून निघणारा गंधकाचा वायू काही तासांत तपकिरी, मग काळा रंग चढवतो. अधूनमधून बघत राहा, मधले रंग आवडले तर तिथेच थांबता येतं. मग बारीक स्टील वूलनं फक्त उंचवटे पुसायचे, नक्षीच्या खाचांत काळं राहतं आणि नक्षी उठून दिसते. पितळेवर हे फारसं चढत नाही.

अमोनियाचा निळा रंग येतो, तांब्यावर खुशाल करा, बाहेर मोकळ्या हवेत, आणि ब्लीचशी त्याचा संबंध चुकूनही येऊ देऊ नका, विषारी वायू होतो. पण ठोकलेल्या, वाकवलेल्या पितळेवर मी करणार नाही. पितळेत ताण अडकलेला असला की अमोनिया त्याला आतून तडे पाडतो. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात अशाच भेगा पडायच्या, साठा तबेल्यात आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया हवेत, आणि याचं नीट स्पष्टीकरण मिळायला १९२१ साल उजाडावं लागलं. ठोकून केलेलं पितळी कडं आज निळं सुंदर दिसेल आणि दोन महिन्यांनी हातातच तडकू शकेल.

प्रश्न : आजीची पितळी डबी आहे, झाकण शाबूत पण बूड फाटलंय. आम्हा तिघी बहिणींना तिच्यातलं काहीतरी अंगावर घालायचंय. कापायला हात होत नाही.

मग अजून कापू नका. आधी डबीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि झाकणावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासून नक्षीचा ठसा घ्या, तो कायम तुमच्याजवळ राहील. मग त्याच आकाराचे कागदाचे तुकडे कापून, तीन पदकं कशी दिसतील ते महिनाभर आरशासमोर घालून बघा. मी असते तर झाकणाला हातच लावला नसता. फाटलेल्या बुडातून तीन तुकडे काढले असते, त्यातला एक भेगेसकट, कारण वर्षानुवर्षं डबी जिथे टेकली तिथलं पितळ वेगळंच गुळगुळीत झालेलं असतं, नव्या पत्र्यात ते मिळत नाही. पॉलिश करू नका, कडा तेवढ्या ४०० आणि ६०० च्या पेपरनं बोटाला लागणार नाहीत इतक्या गोल करा. आणि बुडाला जुना डाग दिलेला दिसला, म्हणजे राखाडी रंगाची मऊ रेघ, तर ती शिशाची असू शकते, ती बाजू वगळून कापा. अंगाला लागणारा भाग तिथून घ्यायचा नाही.